रातांधळेपणा आहे पण ओसीटी नॉर्मल. डोळ्यातलं ते जांभळं द्रव्य जिवंत माणसात कॅमेऱ्याने बघता येतं का?

संध्याकाळचा_ससा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी सांगलीचा, वय 38. मला जन्मापासून अंधारात दिसत नाही. दिवसा ठीक, ट्यूबलाइटखाली ठीक (चष्मा उणे 9 चा आहे तो भाग वेगळा), पण लाइट गेली की मी जिथे आहे तिथेच उभा. लहानपणी पोरं मुद्दाम संध्याकाळी लपाछपी काढायची आणि राज्य माझ्यावर. आईने गाजर झालं, शेवग्याचा पाला झाला, आम्ही माळकरी असून कुणीतरी सांगितलं म्हणून शेजारणीकडून बोकडाची कलेजी शिजवून आणून खाऊ घातली, काही उपयोग नाही. वाढलंही नाही, कमीही झालं नाही.

आता बहिणीच्या मुलाला, वय 7, तेच निघालंय. मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवलं. डोळ्यात थेंब घातले, अर्धा तास अंधाऱ्या खोलीत बसवलं, मग डोळ्याला वायर लावून दिवे चमकवून आलेख काढला, ईआरजी म्हणतात तो. त्यात ए वेव्ह आहे, बी वेव्ह जवळपास नाहीच. ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) नॉर्मल, पडद्याचा फोटो नॉर्मल, फक्त मायनस नंबर आहे. डॉक्टर म्हणाले जन्मजात आहे, स्थिर आहे, वाढत नाही, घाबरू नका. बाहेर पन्नास पेशंट बसलेले, त्यामुळे पुढचं विचारायची हिंमत झाली नाही.

तर मेव्हण्याला एक फॉरवर्ड आलाय की रात्री न दिसणाऱ्यांच्या डोळ्यात रोडोप्सिन नावाचं जांभळं रंगद्रव्य बनतच नाही. तेव्हापासून घरात एकच विषय, पोराच्या डोळ्यात ते आहे का नाही. माझा साधा प्रश्न, ते द्रव्य जिवंत डोळ्यात बघता येतं का? पडद्याचा रंगीत फोटो काढला तर त्यात जांभळं दिसायला नको का? आमच्या फोटोत सगळं नारिंगी आहे.

गावरान_उपाय

व्हिटॅमिन ए कमी असणार. मेडिकलमधून हाय पॉवर कॅप्सूल आणा, रोज एक द्या, महिन्यात फरक पडेल. आमच्या चुलत्याला पडला होता.

चष्मेवाली_ताई

वरच्या दादांना आधी उत्तर देते कारण ते धोक्याचं आहे. अजिबात देऊ नका. चुलत्यांना फरक पडला असेल कारण त्यांच्यात खरंच कमतरता असेल, तो रातांधळेपणा वेगळा आणि तो खरंच व्हिटॅमिनने जातो, म्हणून तर आपल्याकडे 1970 पासून लहान मुलांना तो गोड डोस पाजतात, नवव्या महिन्यात 1 लाख युनिट आणि मग दर सहा महिन्यांनी 2 लाख, पाच वर्षांपर्यंत. पण तो सहा महिन्यांतून एकदा! व्हिटॅमिन ए शरीरात साठतं, रोज जास्त गेलं तर लिव्हरला त्रास, डोक्यातलं प्रेशर वाढणं, हे सगळं होतं. आणि ज्याला जन्मापासून आहे, मामालाही आहे, ईआरजीत बी वेव्हच नाही, त्याला कमतरता नाहीये.

आता मूळ प्रश्न. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

फोटोत जांभळं का दिसत नाही, तर फोटो काढताना जो फ्लॅश मारतो त्याआधीच, म्हणजे डॉक्टरांनी पाच मिनिटं प्रखर लाइट मारून पडदा तपासला तेव्हाच, त्यातलं बरंचसं उडून गेलेलं असतं. हळदीचा डाग उन्हात टाकल्यावर जसा फिक्कट होतो तसं रोडोप्सिन उजेडात फिक्कट होतं, फरक एवढाच की इथे डाग अंधारात परत येतो. शिवाय त्याचा थर इतका पातळ आणि मागे रक्ताचा नारिंगी लाल रंग इतका भडक की नुसत्या नजरेला कळायचं नाही.

पण मोजता येतं. ही गोष्ट जुनी आहे, 1950 च्या दशकातली. केंब्रिजला रश्टन म्हणून होते, त्यांनी कॅम्पबेल यांच्याबरोबर जिवंत माणसाच्या डोळ्यात रोडोप्सिन मोजलं, 1955 चा पेपर आहे. कल्पना अशी की बाहुलीतून एक मंद हिरवट प्रकाश आत सोडायचा. तो पडद्यातून जातो, मागच्या भिंतीवर आपटून थोडासा परत येतो, येताना परत पडद्यातून येतो. म्हणजे जांभळ्या द्रव्यातून दोनदा गाळून निघाला. रोडोप्सिन सगळ्यात जास्त शोषतं 500 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवा निळसर प्रकाश (हिरवा खातं म्हणून तर ते स्वतः जांभळट लाल दिसतं). सोबत एक लाल प्रकाश पण सोडायचा जो रोडोप्सिन जवळपास खातच नाही. आता माणसाला अर्धा पाऊण तास अंधारात ठेवून परत आलेला प्रकाश मोजा, मग प्रखर उजेड मारून द्रव्य उडवा आणि परत मोजा. हिरवा वाढला, लाल तेवढाच राहिला, तर जो फरक पडला तेवढं रोडोप्सिन तिथे होतं. डोळा हलला, पापणी लवली तर लाल हिरवा दोन्ही एकत्र बदलतात, म्हणून लाल प्रकाश हा सोबतचा साक्षीदार.

याला डेन्सिटोमेट्री म्हणतात. आणि ती वेळेनुसार करत गेलं की द्रव्य किती वेगाने परत भरतं तेही कळतं. रॉडमधलं (अंधारात बघणाऱ्या पेशी) निम्मं भरायला साधारण पाच मिनिटं लागतात, कोनमधलं (उजेडात रंग बघणाऱ्या पेशी) बरंच लवकर भरतं. थिएटरमधून दुपारी बाहेर पडताना आणि दुपारी आत शिरताना डोळ्याला लागणारा वेळ वेगळा का, ते यात आहे.

तुमच्या केसबद्दल सांगायचं तर मला वाटतं फॉरवर्ड चुकीचा आहे. ए वेव्ह येते ती खुद्द रॉड आणि कोनमधून, बी वेव्ह येते त्यांच्या पुढच्या पेशींमधून, बायपोलर म्हणतात त्यांना. अर्धा तास अंधारात बसवून मोठा फ्लॅश मारल्यावर चांगली ए वेव्ह आली म्हणजे रॉडने प्रकाश पकडला. द्रव्यच नसतं तर पकडला कशाने?

अण्णा_डार्करूम

मी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, रोलच्या जमान्यातला माणूस, त्यामुळे हा विषय वाचून गप्प बसवेना. डोळा हा कॅमेरा आहे हे सगळेच म्हणतात पण डोळ्यात खरोखर फोटो डेव्हलप केला होता हे किती जणांना माहिती आहे?

1876 साली फ्रान्झ बोल नावाच्या माणसाने बघितलं की अंधारात ठेवलेल्या बेडकाचा पडदा लाल असतो आणि उजेडात बघता बघता फिका होतो. मग जर्मनीत हायडेलबर्गला विल्ली क्यूने याने ते काम डोक्यावर घेतलं. त्याने सशाला आधी अंधारात ठेवलं, मग त्याचं तोंड गजाच्या खिडकीकडे करून तीन मिनिटं धरलं, लगेच मारलं, आणि पडदा काढून तुरटीत ठेवला. तुरटी! आमच्या हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, जागी तुरटी. दुसऱ्या दिवशी पडद्यावर खिडकी उमटलेली, गजांसकट. उजेड पडला तिथलं उडालं, गजांची सावली पडली तिथलं राहिलं, म्हणजे एका अर्थी पॉझिटिव्हच. 1880 मध्ये गिलोटिनवर मारलेल्या एका कैद्याच्या डोळ्यातही बघितलं त्याने, काहीतरी आकार दिसला पण कशाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. मेलेल्याच्या डोळ्यात खुन्याचा फोटो राहतो ही अफवा तर लोकांत त्याच्याही आधीपासून होती. डोकं चालवा ना, तीन मिनिटं एका जागी नजर ठेवून कोण मरतं?

बाकी सशाचं नाव घेतलेल्या मित्रा, तुझा आयडी वाचून हसलो, क्षमा कर.

संध्याकाळचा_ससा

अण्णा 😄 आता आयडी बदलावा लागतोय. तुरटीची गोष्ट भाच्याला सांगणार, ससा मारला हे वगळून.

ताई, एक शंका. तुम्ही म्हणता द्रव्य असणार. पण कुणी आमच्यासारख्या माणसात खरंच मोजून बघितलंय का, का हा तर्क आहे? तर्काने बहिणीचं समाधान होणार नाही, तिला कुणीतरी "बघितलं, आहे" असं सांगितलेलं पाहिजे.

चष्मेवाली_ताई

बघितलंय. 1966 मध्ये. कार, रिप्स, सीगल आणि वील या चौघांनी जन्मजात रातांधळेपणा असलेल्या लोकांच्या डोळ्यात हीच डेन्सिटोमेट्री करून रोडोप्सिन मोजलं, आणि ते नॉर्मल निघालं. रात्री ठार न दिसणारा माणूस आणि द्रव्य अगदी आपल्यासारखं. त्यावरूनच पक्कं झालं की बिघाड द्रव्याच्या पुढे कुठेतरी आहे. ईआरजीचा आलेख तेच सांगत होता पण तो वायरीतून आलेला पुरावा, हा डोळ्यात प्रकाश टाकून परत आलेल्या प्रकाशातला पुरावा, दोन्ही एकमेकांना जुळले.

तुमच्या सांगलीकडच्या भाषेत सांगू का, म्हैस दूध देतेय, किटली भरलेली आहे, पण डेअरीपर्यंत न्यायला माणूस नाही. फॉरवर्ड म्हणतो म्हैसच भाकड आहे. ते खोटं.

पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कुठून तरी अर्धवट ऐकलं असणार, कारण खरंच असेही आजार आहेत ज्यात द्रव्य बनत नाही किंवा फार हळू बनतं. एक तर आरपीई65 नावाचं जीन बिघडलेली मुलं. उजेड पडला की रोडोप्सिनमधला व्हिटॅमिन ए चा वाकडा रेणू सरळ होतो, तो परत वाकडा करायचं काम ज्या एन्झाइमचं तेच नसतं, त्यामुळे पडद्यात पेशी आहेत पण द्रव्य नाही. त्यांची नजर हळूहळू दिवसाचीही जाते. त्याच्यावर जीन थेरपी निघाली, अमेरिकेत डिसेंबर 2017 ला मान्यता मिळाली, ती याच एका जीनसाठी आहे, सगळ्या रातांधळेपणासाठी नाही, हे मुद्दाम सांगते कारण त्याचेही फॉरवर्ड फिरतात.

दुसरा फंडस अल्बिपंक्टाटस, पडद्यावर बारीक पांढरे ठिपके असतात, त्यात द्रव्य बनतं पण रडतखडत, तासन्‌तास लागतात. तेही डेन्सिटोमेट्रीने मोजून दाखवलंय. तिसरी गंमत ओगुची आजाराची, जपानमध्ये वर्णन झालेला. पडदा सोनेरी पत्र्यासारखा चमकतो आणि काही तास अंधारात ठेवल्यावर तो सोनेरी रंग चक्क जातो. त्यांनाही अंधारात दिसायला तासन्‌तास लागतात, पण द्रव्य मोजलं तर नॉर्मल वेगाने भरतंय! तिथे बिघाड असा की पेटलेलं रोडोप्सिन विझवणारी यंत्रणा नीट नाही.

म्हणून एक प्रश्न विचारते, नीट आठवून सांगा. पूर्ण अंधारात तीन चार तास बसलात तर शेवटी शेवटी थोडं दिसायला लागतं का कधी?

संध्याकाळचा_ससा

याचं उत्तर माझ्याकडे अगदी पक्कं आहे. 2019 चा पूर. आमच्याकडे तळमजल्यात पाणी, लाइट नाही, मोबाइल संपलेले, आम्ही वरच्या मजल्यावर गॅलरीत सगळी रात्र जागून. रात्री दोन अडीचला घरचे सगळे म्हणत होते ते बघा पाणी चमकतंय, ती बघा कुणाची टाकी वाहत चाललीय, बायको हात धरून दाखवत होती. मला काळं म्हणजे काळं. आठ वाजल्यापासून अंधारात होतो, सहा तास झाले असतील. आवाज फक्त. पहाटे एकदम दिसायला लागलं ते उजाडल्यावर.

चष्मेवाली_ताई

हे वाचून काटा आला अंगावर.

पण उत्तर मिळालं. भरायला वेळ लागत असता तर सहा तासांत काहीतरी दिसलं असतं. तुमचं तसं नाही. रिपोर्टशी जुळतं.

ऑप्टिक्सवाला_परदेशी

उशिरा आलो. मी अमेरिकेत ऑप्टिक्समध्ये पीएचडी करतोय, डोळ्यांवर काम करणारी लॅब आमच्याच मजल्यावर आहे आणि त्यांना सब्जेक्ट कमी पडले की आम्हाला पकडून नेतात. त्यामुळे यंत्रात डोकं घालून बसण्याचा अनुभव आहे 😅 दाताने एक साचा चावून धरायचा असतो, डोकं हलू नये म्हणून. लाळ गळते. कुणी सांगत नाही हे.

ताईंनी सांगितलं ती जुनी पद्धत अख्ख्या एका ठिपक्याचा सरासरी आकडा देते, त्या ठिपक्यात हजारो पेशी. पुढची उडी अशी की एकेक पेशी वेगळी दिसायला लागली. अडचण काय होती तर डोळ्याचं स्वतःचं भिंग आणि कॉर्निया परफेक्ट नसतात, चष्मा लावूनही बारीक वाकडेपणा उरतो, त्यामुळे आतला फोटो धुरकट येतो. आणि मध्यभागी कोन पेशी दोन अडीच मायक्रॉनवर एक अशा ठासून बसलेल्या. खगोलवाल्यांना हाच त्रास हवेमुळे होतो, तारे लुकलुकतात, म्हणून त्यांनी हलता आरसा काढला, येणाऱ्या प्रकाशाचा वाकडेपणा मोजायचा आणि आरसा उलटा तेवढाच वाकवायचा. रॉचेस्टरला 1997 मध्ये लियांग, विल्यम्स आणि मिलर यांनी तो आरसा डोळ्यासाठी वापरला. अॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. एकदम जिवंत माणसाच्या कोन पेशी मक्याच्या कणसासारख्या ओळीने दिसायला लागल्या.

आणि मग 1999 मध्ये रूर्डा आणि विल्यम्स यांनी त्याच्यात रश्टनची जुनी युक्ती घातली, माझ्या मते या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच. कोन तीन प्रकारचे, लाल हिरवा निळा म्हणूया, पण दिसायला सारखेच, पेशीवर पाटी नसते. मग त्यांनी काय केलं, अंधारातून आणलेल्या डोळ्यात आधी 650 नॅनोमीटरचा लाल प्रकाश मारला, त्याने फक्त लाल कोनमधलं द्रव्य उडालं, ते कोन फोटोत उजळले, हिरवे काळेच राहिले. निळ्या प्रकाशाने उलटं. असे पुष्कळ फोटो जोडून प्रत्येक कोनला रंग दिला. जिवंत माणसाच्या पडद्याचा नकाशा, कुठला कोन कुठला. आणि निघालं काय, दोन माणसं, दोघांनाही रंग अगदी नॉर्मल दिसतात, एकात लाल हिरव्याचं प्रमाण 1.15 ला 1 आणि दुसऱ्यात 3.79 ला 1! इतका फरक असून दोघं पिवळ्याला पिवळाच म्हणतात. निळे दोघांत साधारण पाच टक्के. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर तोच विचार, की माझं प्रमाण काय असेल.

पण या पद्धतीचा एक मूळ दोष आहे आणि ससाभाऊंच्या प्रश्नाला तो महत्त्वाचा आहे. ही पद्धत फक्त द्रव्य आहे का आणि उडतं का एवढंच बघते. द्रव्य उडाल्यावर पेशीने पुढे काही केलं का, ते दिसत नाही.

गावरान_उपाय

कॅप्सूलचं मागे घेतो. ताईंनी बरं केलं सांगितलं. पण मला एक कळेना, डोळ्यात मोजायला प्रकाश टाकला की त्या प्रकाशानेच द्रव्य उडणार ना? मग मोजलं काय? दुधाची चव बघता बघता पातेलं रिकामं.

ऑप्टिक्सवाला_परदेशी

एक नंबर प्रश्न 👏 हेच तर दुखणं आहे. रश्टनच्या वेळी मोजायचा प्रकाश इतका मंद ठेवावा लागायचा की मोजताना उडालेलं नगण्य असावं, आणि माणसाच्या डोळ्यातून परत काहीच फारसं येत नाही कारण पडद्यामागे काळा थर असतो. मांजरीच्या डोळ्यात मागे आरसा असतो म्हणून ते चमकतात, आपल्या मागे काळं फडकं. म्हणून आधी पांढऱ्या, म्हणजे अल्बिनो, सशांवर करून बघितलं होतं, त्यांच्यात काळं नसतं. (ससाभाऊ, तुमच्या जमातीने या विषयासाठी फार सोसलंय.)

आता नवीन पद्धतीत हे भांडणच मिटवलंय. मोजायचा प्रकाश इन्फ्रारेडच्या बाजूचा घेतात, 800 नॅनोमीटरच्या पुढचा, तो रंगद्रव्य जवळपास खातच नाही, माणसाला फार तर मंद लालसर दिसतो. आणि मग रंग बदलला का ते न बघता पेशीची लांबी बदलली का ते बघतात. हो, लांबी! प्रकाश पडला की रॉड कोनचा बाहेरचा दांडा, जिथे द्रव्य भरलेलं असतं, तो आधी काही मिलिसेकंदांत किंचित आखडतो, दहावीस नॅनोमीटरच्या घरात, आणि मग पुढच्या सेकंदाभरात फुगून लांब होतो, जोरदार फ्लॅश असेल तर काहीशे नॅनोमीटर. केसाची जाडी सत्तर ऐंशी हजार नॅनोमीटर धरा म्हणजे अंदाज येईल. हे ओसीटीच्याच भावंडाने पकडतात, फक्त दवाखान्यातली ओसीटी प्रकाशाची तीव्रता बघते आणि ही लाटेची फेज बघते, लाट किती पुढे मागे सरकली ते. 2016 मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेकच्या हिलमान वगैरे लोकांनी माणसात दाखवलं, नंतर 2019 मध्ये इंडियानामधल्या झांग, मिलर यांच्या गटाने याच हालचालीवरून कोनचे तीन प्रकार ओळखून दाखवले, रूर्डांपेक्षा फार कमी कटकटीत. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पांडियन, सबेसन यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवलं की ते सुरुवातीचं आखडणं द्रव्याच्या पहिल्यावहिल्या विद्युत हालचालीशी जुळतं आणि नंतरचं फुगणं पुढच्या रासायनिक साखळीशी. याला ऑप्टोरेटिनोग्राम म्हणतात. ईआरजीचा वायर नसलेला भाऊ म्हणा, पण ईआरजी अख्ख्या पडद्याचा गोंगाट एकत्र ऐकतो आणि हा एकेका पेशीच्या कानाशी जातो.

आता तुमच्या घराण्याचं. बिघाड बायपोलरला असेल तर हा आखडण्या फुगण्याचा खेळ त्याच्या आधीचा आहे, तर्काने तो नॉर्मल दिसायला पाहिजे. म्हणजे यंत्रात बसवून तुमचा रिपोर्ट येईल "उत्तम". आणि तुम्हाला रात्री दिसणार नाहीच. हे आधी सांगतो कारण नवीन यंत्राचं ऐकलं की माणूस आशेने पळतो.

अण्णा_डार्करूम

अरे पण हे दुखत खुपत नाही ना पोराला? आणि मिळतं कुठे, मुंबईला?

ऑप्टिक्सवाला_परदेशी

दुखत अजिबात नाही अण्णा, लाळ सोडून. पण हे रिसर्चचं यंत्र आहे, टेबलभर आरसे आणि मागे दोन विद्यार्थी. दवाखान्यात रांगेत बसून करून घ्यायची टेस्ट नाही ही. आणि 7 वर्षाच्या पोराला एका जागी नजर धरायला लावणं म्हणजे... मी स्वतः 27 वर्षांचा, मला जमत नाही.

दवाखान्यात याच्या जवळचं एकच दिसेल. ऑटोफ्लुरोसन्सचा, म्हणजे पडद्याच्या स्वतःच्या चमकेचा, फोटो काढतात ना निळ्या प्रकाशाने, तो काढताना पहिल्या काही सेकंदांत चित्र आपोआप उजळत जातं. कारण वर बसलेलं द्रव्य निळा प्रकाश खात होतं, ते उडालं की मागची चमक जास्त दिसते. टेक्निशियन लोक याला वैतागतात आणि आधी द्रव्य उडवूनच फोटो घेतात. म्हणजे ज्याला सगळे कचरा समजून टाकून देतात तोच रोडोप्सिनचा सिग्नल.

चष्मेवाली_ताई

अय्यो! हे मी रोज बघते आणि कधी डोक्यात आलं नाही. आम्ही म्हणतो "थांबा, जरा सेट होऊ द्या" 🤦‍♀️

आणखी एक जोडते, रश्टनचंच. 1961 मध्ये त्यांनी अशा एका माणसात मोजलं ज्याचे कोन जवळपास काम करत नव्हते, म्हणजे मधे कोनची लुडबूड नाही. निघालं असं की रोडोप्सिन फक्त दहा टक्के उडालेलं असलं तरी डोळ्याची संवेदना जवळजवळ शंभर पटीने पडते. आपल्याला वाटतं दहा टक्के गेलं तर नव्वद टक्के दिसेल, तसं नाहीये ते. द्रव्य किती उरलंय यापेक्षा उडालेला भाग पेशीला किती वेळ आंधळं करून ठेवतो याला जास्त किंमत आहे. म्हणून "द्रव्य आहे का" या प्रश्नाचं हो असं उत्तर मिळालं तरी त्यातून "दिसेल का" याचं उत्तर मिळत नाही. बहिणीला हे कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

संध्याकाळचा_ससा

सांगितलं काल रात्री फोनवर. तिचं पहिलं वाक्य, "म्हणजे माझ्या डोहाळ्यांत मी काही कमी खाल्लं म्हणून नाही ना?" सात वर्षं ते मनात धरून बसली होती. सासरी कुणीतरी बोललं होतं तसं. मी म्हैस, किटली, डेअरी सगळं सांगितलं, तिला ते लगेच पटलं, मेव्हण्याला मात्र 1966 सांगावं लागलं, आकडा आल्याशिवाय त्याला पटत नाही.

भाच्याने फक्त एवढंच विचारलं की मग माझ्या डोळ्यात जांभळा कलर आहे का. आहे म्हटलं. शाळेत सांगत फिरतोय.

शेवटचं एक. मला आहे, बहिणीला नाही, तिच्या मुलाला आहे. आमच्या आईच्या काकांनाही होतं म्हणतात. मला दोन मुली आहेत, दोघींना रात्री दिसतं. याचा काय अर्थ?

चष्मेवाली_ताई

मामा आणि भाचा, मधली आई ठणठणीत, सोबत मोठा मायनस नंबर, हे एक्स क्रोमोझोमवरून येणाऱ्या प्रकाराचं नेहमीचं चित्र आहे, एनवायएक्स नावाचं जीन असतं त्यात बऱ्याचदा. फक्त आईचे काका आईच्या वडिलांकडचे की आईच्या आईकडचे ते विचारा, वडिलांकडचे असतील तर आईच्या वडिलांनाही हे असायला हवं होतं, त्यांना रात्री दिसत असेल तर हे चित्र जुळत नाही, कारण मग तो बिघडलेला एक्स त्यांच्याकडून आईला आलेला नाही. जुळलं तर तुमच्या दोन्ही मुली तुमचा एक्स घेऊन आल्या आहेत, म्हणजे त्या वाहक, त्यांना त्रास नाही पण पुढे त्यांच्या मुलग्यांना निम्मी शक्यता. पण हे अंदाजावर सोडू नका, रक्ताची जीन टेस्ट होते, जेनेटिक काउन्सेलरकडे एकदा जाऊन या.

आणि भाच्याच्या शाळेत लिहून द्या की स्नेहसंमेलनात दिवे घालवतात तेव्हा याला स्टेजवरून एकट्याने उतरू देऊ नका. दप्तरात छोटी टॉर्च. चष्मा दरवर्षी तपासायचा, मायनस वाढतो.

संध्याकाळचा_ससा

आईला विचारलं. "काका" म्हणजे तिच्या आईचे भाऊ, घरात सगळे त्यांना काका म्हणायचे म्हणून मीही तसंच लिहिलं. म्हणजे तिचे मामा. जुळतंय.

टेस्टला रक्त कुणाचं द्यायचं आधी, माझं का भाच्याचं?

चष्मेवाली_ताई

तुमचं द्या आधी. मोठ्या माणसाला सुई परवडते. तुमच्यात सापडलं की मग त्याच्यात तेवढंच एक बघायचं असतं. नक्की काय ते काउन्सेलर सांगतील, जाताना त्याच्या ईआरजीचा रिपोर्ट न्या.